बजाबाईने चांगला म्हटलेला चहा

शेळगीतल्या आमच्या गल्लीत गिऱ्हाईक किराणा दुकानात येऊन साबणाचं नाव घेत नाही. पेस्टचंही घेत नाही, तेलाचंही नाही. ते पायरीवर उभं राहतं आणि म्हणतं, "बजाबाई, तुमच्या घरात कुटला हाय? त्योच द्या." टीव्हीवर नट्या साबण लावून धबधब्याखाली नाचतात, कंपन्या जाहिराती करून करून थकतात, आणि शेवटचा निकाल लागतो बजाबाईच्या न्हाणीघरात.

मी वीरभद्रप्पा, मूळचा मैंदर्गीचा. माझं शिलाईचं दुकान बजाबाईच्या बरोबर समोर. मध्ये फक्त रस्ता, तोही वर्षातून बराच काळ उकरलेला. त्यामुळे तिच्या दुकानात काय चाललंय ते बघायला मला मशीनसुद्धा थांबवावी लागत नाही. अप्पा नको तिथं नाक खुपसतो, असं गल्लीत म्हणतात. म्हणू देत. ज्यांना नाक खुपसायला वेळ मिळत नाही तेच असं बोलतात.

बजाबाई वेळापूरकडची. नवरा कुंडलिक सूतगिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा हिने घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं आणि नवऱ्याला तराजूमागे बसवलं. तराजू त्याचा, जीभ हिची. दुकानाचा नियम एकच: नवा माल आला की पहिला पुडा घरात जायचा. "आपुन वापरल्याबिगर दुसऱ्याच्या गळ्यात बांदायचं न्हाय," असं ती म्हणते. ऐकायला फार थोर वाटतं. प्रत्यक्षात वापरायचं असतं कुंडलिकाने. नवी पेस्ट कुंडलिकाच्या दातांवर, नवा साबण कुंडलिकाच्या पाठीवर, केस वाढवायचं तेल कुंडलिकाच्या उरल्यासुरल्या केसांवर. एकदा कसल्याशा मलमाने त्याची मान लालभडक झाली, तर बजाबाईने त्याला दिवसभर गल्ल्यावर बसवून ठेवला. कुणी मलम मागितलं की कुंडलिकाने मुकाट्याने मान वळवून दाखवायची. ते मलम आमच्या गल्लीत पुन्हा दिसलं नाही.

आता बाई काही संत नव्हे. हट्टी म्हणजे किती हट्टी. एका बिस्किटवाल्याने तिला सोडून कुंडलिकाशी बोलणं केलं, म्हणून त्याची बिस्किटं कायमची बाद. चव कशी होती ते आजवर कुणाला माहीत नाही. पण एक खरं. ज्या मालाला तिने चांगलं म्हटलं, तो चांगलाच निघाला. विड्या वळणाऱ्या बायकांपासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत सगळी गल्ली तिच्या त्या एका शब्दावर डोळे मिटून बाजार करायची.

अशा ठिकाणी केशरघोट चहाचा प्रदीप बनसोडे येऊन पडला.

पोरगा चांगला. उन्हातान्हात मोटारसायकलवर फिरणारा, गोड बोलणारा, आणि विशेष म्हणजे बोलताना बजाबाईकडे बघणारा. त्याच्या कंपनीने 'दुकानदार आमचा भागीदार' अशी मोहीम काढली होती. भागीदारी म्हणजे काय, तर कंपनीने दुकानाला चहाचे पुडे मांडायला एक लोखंडी मांडणी दिली, एक मोठी छत्री दिली आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. बजाबाईने मांडणीत कांदे-लसूण ठेवले, छत्री पापडांवर उभी केली आणि घड्याळ मला पाठवून दिलं, कारण ते मागे पडत होतं. चहाचे पुडे तेवढे फळीवर धूळ खात बसले.

कारण चहाच्या बाबतीत बजाबाईने स्वतःचाच नियम मोडला होता. ती चाखूनच बघायला तयार नव्हती. "साबन बदलंल, पेस्ट बदलंल," ती म्हणायची, "च्या बदलत नसतोय." मंगळवार पेठेतून सुटी पत्ती आणायची, तीच घरात उकळायची, हे लग्नापासून चालत आलेलं; दुकान टाकल्यावर ती तीच विकायलाही लागली. गिऱ्हाइकाने विचारलं, "ह्यो नवा च्या कसा हाय?" की ती खांदे उडवायची, "ठावं न्हाय बाई." आमच्या गल्लीत यापेक्षा मोठी शिवी नाही.

प्रदीपची पंचाईत अशी की तो कंपनीत अजून कच्चा होता. केशरघोट या भागात चालला तर नोकरी कायम, नाही तर नारळ. आणि नोकरी कायम झाल्याशिवाय ऋतुजाचे वडील लग्नाचं बोलायला तयार नव्हते. ऋतुजा म्हणजे त्याची ठरलेली, म्हणजे दोघांनी आपापसात ठरवलेली. हे सगळं गल्लीला माहीत होतं, कारण त्याने ते मला विश्वासात घेऊन सांगितलं होतं. लग्नाचा सूट माझ्याकडेच शिवायचा असंही त्याने कबूल केलं होतं, तेव्हा त्या लग्नात माझाही थोडा जीव गुंतलेला होता.

दसऱ्याच्या आसपास एका दुपारी प्रदीप आणि कुंडलिक माझ्या दुकानात येऊन कुजबुजायला लागले. बेत असा होता: बजाबाईच्या घरातल्या डब्यातली सुटी पत्ती गुपचूप काढायची आणि तिथे केशरघोट भरायचा. काही आठवडे तिला तो नकळत पिऊ द्यायचा आणि मग एके दिवशी सांगून टाकायचं. एकदा तिच्या घरात गेला की गल्लीत गेलाच.

"तुमाला काय मिळणार यातनं?" मी कुंडलिकाला विचारलं.

"गोवा," तो म्हणाला. भागीदार दुकानदारांना कंपनी गोव्याला नेणार होती. कुंडलिकाने जन्मात समुद्र बघितला नव्हता. तो हळूच पुढे म्हणाला, "अप्पा, समुद्रात घालायला एक आर्दी चड्डी शिवून द्या. जरा रंगीत."

मी या बेताला विरोध केला का? नाही. उलट डब्यातून काढलेली जुनी पत्ती ठेवायला जागा हवी होती, ती मी दिली. म्हणजे माझ्या घरी नेली. तोंडात मिठाची गुळणी धरायची तर काहीतरी मोबदला नको?

बेत पार पडला. बजाबाई काही बोलली नाही. रोजच्यासारखी दुपारचा चहा ठेवायची, कुंडलिकाला द्यायची, प्रदीप आला तर त्याला द्यायची, आणि पूर्वापार रिवाजाप्रमाणे एक कप रस्त्यापलीकडे मला पाठवायची. एक दिवस गेला, आठवडा गेला. कुंडलिकाची चड्डी शिवून झाली, निळी, तीवर पिवळे मासे. प्रदीपने धीर करून वरच्या साहेबांना कळवून टाकलं की शेळगीची मुख्य दुकानदारीण आता आपलाच चहा पिते. मला मात्र त्या दिवसांत चहा नकोसा झाला होता. मी ते पित्तावर ढकललं.

साहेबांना एवढा आनंद झाला की दिवाळीच्या तोंडावर ते स्वतःच येऊन धडकले. अनिलकुमार त्यांचं नाव. गाडीतून भलामोठा फ्लेक्स उतरला. त्यावर हात जोडलेली बजाबाई होती, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून काढलेली, आणि खाली अक्षरं: 'बजाबाईंच्या घरात केशरघोट!' प्रदीपला वाटलं होतं, आधी आपण तिला गोडीत सांगू, मग काय तो सोहळा. पण साहेबांनी उसंत दिली नाही. गल्ली गोळा झाली, फ्लेक्स वर चढला आणि साहेबांनी भाषण सुरू केलं.

"उत्पादक आणि दुकानदार ही एकाच गाडीची दोन चाकं आहेत," ते म्हणाले.

"अन् गाडीत कोन बसतंय, सायेब?" बजाबाईने विचारलं.

लोक हसले. साहेबही हसले. बजाबाईने मग मान वर करून फ्लेक्स वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"हे कुनी सांगितलं?"

प्रदीप पुढे झाला. "मावशी, रागावू नका. दसऱ्यापासून तुमच्या डब्यात आमचाच चहा हाय. तुमाला फरक कळला न्हाय, म्हंजी चांगलाच हाय की!"

कुंडलिक तांदळाच्या पोत्यांमागे वाकून काहीतरी शोधायला लागला. माझी मशीन चालू होती, पण तिच्यात कापड नव्हतं. सगळ्यांच्या मनात एकच: बजाबाईला कळलं नाही? जिच्या जिभेवर आपण संसार चालवतो तिला चहातला फरक कळला नाही?

बजाबाईने कमरेवर हात ठेवले. "पयल्या दिवशी डबा उगडला तवाच वासानं कळलं. बत्तीस वर्सं संसार केलाय ह्यांच्याबरुबर, चोरी केली की कानाच्या पाळ्या लाल व्हत्यात ह्यांच्या. मी कशाला पिऊ तुमचा च्या? माजी पत्ती डाळीच्या डब्यात हाय. ह्या डब्यातला च्या फकस्त तिगांसाटी. आमचे हे, ह्यो प्रदीप, अन् समोरचे अप्पा."

माझ्या पित्ताचा उलगडा तिथंच झाला.

"अन् आयका आता," ती साहेबांकडे वळली. "प्रदीप पयलं कप निपटून प्यायचा. आता रोज अर्दा ठिवून जातोय. त्याचं त्याला बी ठावं न्हाय. आमचे हे डोळं मिटून पित्यात, औशीद घेतल्यावानी. अन् अप्पा तर दुकानामागच्या गटारीत ओतत्यात. त्यांना वाटतंय तेच एकटे माज्याकडं बगत्यात."

गल्ली अशी हसली की पलीकडच्या गल्लीतले लोक धावत आले. मला राग आला, पण खोटं काय होतं त्यात?

साहेबांचा चेहरा उतरला. "प्रदीप, तू आपलाच चहा टाकून देतोस?"

"त्याला कशाला बोलता? तुमीच घ्या की एक कप," बजाबाई म्हणाली. "ताजा टाकते."

"नाही, नाही. मी चहा घेत नाही. मला ॲसिडिटी आहे."

चहाच्या कंपनीचा साहेब चहा पीत नाही! विड्यावाल्या बायका तर तोंडावर पदर घेऊन हसत खालीच बसल्या. साहेब कानापर्यंत तांबडे झाले आणि त्यांनी तो राग काढला तो पोरावर. "प्रदीप, उद्या ऑफिसला येऊन भेट," ते थंडपणे म्हणाले. याचा अर्थ न कळण्याइतकं तिथे कुणी लहान नव्हतं.

प्रदीपने हातातली फ्लेक्सची दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, "भेटतो साहेब. पण मावशी खरं बोलल्या. हितल्या पाण्यात आपला चहा उतरत न्हाय. बायका हितं चहा लई उकळतात, उकळला की कडू हुतोय. बाकीच्या दुकानदारांनी बी मला हेच सांगितलंय. मी कधी कळवलं न्हाय, कारण वर फक्त किती खपला तेवढंच इचारतात. का खपला न्हाय, ते कोणीच इचारत न्हाय."

मला त्या पोराचा अभिमान वाटला. बजाबाईला काय वाटलं ते तिच्या आवाजावरून कळलं, कारण तो एकदम खाली आला. "सायेब, ह्याला काडू नका. च्या नीट करून आना. मी पिते. जेवड्या येळा आनाल तेवड्या येळा पिते."

"आणि चांगला म्हणाल?"

"वाईट असंल तर वाईट म्हनीन. पन पिऊन म्हनीन."

साहेब काही कच्चे नव्हते. एवढ्या लोकांत गेलेली अब्रू सावरायची संधी त्यांनी बरोबर हेरली. "ठरलं तर मग, मावशी. ज्या दिवशी तुम्ही आमचा चहा चांगला म्हणाल, त्या दिवशी प्रदीपची नोकरी कायम. या सगळ्यांच्या साक्षीने सांगतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. साहेबाने कशी पाचर मारून ठेवली ते मला दिसत होतं. आता पोराचं लग्न बजाबाईच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

दिवाळीनंतर नमुने यायला लागले. बिनानावाच्या पिशव्या, प्रदीप घेऊन यायचा. बजाबाई आधण ठेवायची, आम्ही सगळे आपापली कामं सोडून तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. पहिल्याला म्हणाली, "ह्याला नुसता रंग हाय, आत काय न्हाय." दुसऱ्याला म्हणाली, "ह्यो च्या न्हाय, काडा हाय. तापात द्या." तिसऱ्याला तोंड लावलं आणि काही न बोलता कप कुंडलिकापुढे सरकवला. प्रदीप तिचे बोल जसेच्या तसे फोनवर रेकॉर्ड करून कंपनीला पाठवायचा. आणि खरंच, कंपनी ऐकायला लागली. एक माणूस येऊन गल्लीतलं पाणी बाटलीत भरून घेऊन गेला. दुसरी एक बाई येऊन चार घरांच्या चुलीपाशी बसली, दूध कधी घालता, साखर कधी घालता, ते बघत. तोवर कंपनीला चहा कसा विकायचा एवढंच ठाऊक होतं. लोक तो पितात कसा, हे कंपनीला आमच्या गल्लीने शिकवलं.

पण दिवस चालले होते. ऋतुजाला दुसरं स्थळ बघायला लागले असं कळलं. मग सगळी गल्ली बजाबाईच्या मागे लागली. "म्हना की चांगला. तुमच्या बापाचं काय जातंय?" बायका तिला दुकानात गाठायच्या, देवळात गाठायच्या. कुंडलिकाने तर दोन वेळा जेवण सोडलं, तिसऱ्या वेळेला शेंगाचटणी बघून बसला. शेवटी मीही गेलो आणि चांगला तडकलो. "एक शब्द खोटं बोलल्यानं जीभ झडंल का तुमची? पोराचं वाटोळं झाल्यावर घेऊन बसा तुमचं खरं!"

ती डाळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मला का त्याची काळजी न्हाय, अप्पा? रोज रात्री त्योच डोळ्यापुडं येतोय. पन च्या वाईट हाय त्येला मी काय करू?"

प्रदीप मात्र तिला एकदाही काही म्हणाला नाही. नमुना आणायचा, बोलणी खायचा, जायचा.

संक्रांतीच्या सुमाराची गड्ड्याची जत्रा उरकली आणि थंडी ओसरायला लागली, तेव्हा आणखी एक पिशवी आली. बजाबाईने चहा केला. एक घोट घेतला, दुसरा घेतला. कप संपवला. मग पातेल्यात उरला होता तोही गाळून घेतला आणि प्यायली.

"चांगला हाय," ती म्हणाली.

"काय?" प्रदीपला खरं वाटेना.

"चांगला हाय म्हनलं की! भैरा हाईस का?"

गल्लीत दिवाळी पुन्हा आली. प्रदीपने कुंडलिकाला उचललं, कुंडलिकाने मला मिठी मारली. साहेब बोलल्याप्रमाणे वागले, तेवढं मात्र त्यांच्याविषयी सांगायलाच हवं. नोकरी कायम झाली, ऋतुजाचे वडील वळले, मी सुटाचं माप घेतलं. आणि पाठोपाठ नव्या केशरघोटची खोकी आली. बजाबाईने कांदे-लसूण खाली काढून ती लोखंडी मांडणी पुसली आणि पुडे ओळीने लावले.

एकही पुडा हलला नाही.

बायका यायच्या आणि सुटी पत्ती मागायच्या. "ह्यो न्या की," बजाबाई म्हणायची, "चांगला हाय." त्या डोळा मिचकवायच्या. "व्हय व्हय. लई पुण्याचं काम केलंत बजाबाई. द्या आता पत्ती." मास्तरही तसंच हसून गेले. मीही त्यातलाच. रस्ता ओलांडून गेलो आणि मोठ्या मनाने म्हणालो, "शेवटी बोललात. फार मोठं मन तुमचं."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "म्हंजी मी खोटं बोलले?"

मी नुसता हसलो. तेही समजूतदारपणे.

इतक्या वर्षांत मी त्या बाईचे डोळे भरलेले बघितले नव्हते. त्या दिवशी बघितले. पायरीवर पत्तीसाठी उभ्या असलेल्या बायकांनीही बघितले, आणि त्यांचं हसू जागच्या जागी गेलं.

"समदी गल्ली मागं लागली व्हती, खोटं बोल म्हनून," ती म्हणाली. "न्हाय बोलले. पोराचं लगीन मोडायला आलं तरी न्हाय बोलले. आता खरं बोलते, तर तुमाला खरं वाटंना. ह्यात माजी काय चूक हाय, तेवडं सांगा."

बायका चुळबुळत राहिल्या. मी मांडणीवरचा एक पुडा उचलला.

"माजी दया म्हनून घिऊ नका, अप्पा," ती म्हणाली.

"दया न्हाय," मी म्हणालो. "प्यायचाय."

घरी आलो, बायकोला बाजूला केलं, स्वतः चहा टाकला, आमच्या पद्धतीने खूप उकळला, आणि उभ्याउभ्याच प्यायलो. चहा खरंच चांगला होता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.